गोधडीचं प्रदर्शन कसं पाहावं आणि घरी काय घेऊन यावं: वाकळ, कौदी आणि कवंदीच्या मुलखातून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जिला आपण वाकळ म्हणतो, तिलाच शेजारच्या कन्नड घरात कौदी म्हणतात. खाली हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका शिवतात ती कवंदी. तिन्हींचं भांडवल एकच, जुनेर म्हणजे वापरून जुनं झालेलं कापड, सुई आणि धावदोरा, म्हणजे वरखाली जाणारा साधा सरळ टाका. पण बांधणी वेगळी, आणि ती समजून घ्यायची उत्तम जागा म्हणजे या सगळ्या शेजारीशेजारी टांगलेल्या असतात ते प्रदर्शन. बचत गटांच्या मेळाव्यात, कॉलेजच्या हॉलमध्ये, हस्तकलेच्या दालनात घरची वाकळ, सिद्दी कवंदी, लंबाणी (बंजारा) भरतकामाचे तुकडे आणि इरकल-खणाची नव्या धाटणीची क्विल्ट एकाच दोरीवर बघायला मिळते.

बहुतेक जणी तिथून मोबाइलमध्ये दोनशे फोटो घेऊन परततात आणि पुढे एक टाकाही पडत नाही. फोटोत नक्षी दिसते. ती नक्षी जमावी म्हणून करणारणीने काय युक्ती केली, ते दिसत नाही. कोपरा कसा बंद केला, जाड शिवण कुठे वळवली, दोन भडक रंगांच्या मध्ये काय घातलं, अशी एखादी सोडवणूक घरी आणली तर ती आपल्या कापडावर लगेच वापरता येते. हा लेख ती कशी शोधायची, याबद्दल आहे.

निघण्याआधी

आधी घरातलं कापड उघडा. पेटीत किती लुगडी आहेत, कुठली विरलीत, कुठल्याचे काठ अजून धड आहेत, हे बघा. जी पाच-सहा कापडं वापरायची शक्यता आहे, त्यांच्या आतल्या कडेतून दोन बोटं रुंदीचे तुकडे कापा आणि एका पुठ्ठ्यावर टाचून घ्या. हा पुठ्ठा सोबत असला की हॉलमधली रंगसंगती आपल्या कापडाला लागू पडते का, ते उभ्या उभ्या कळतं. नाहीतर मन हिरव्या-जांभळ्यात रमतं आणि घरी निघतात सगळी तपकिरी लुगडी.

मग एक अडचण ठरवा, एकच. ‘माझ्या वाकळेच्या कडा फाटतात’, ‘मधे पोट सुटतं’ (म्हणजे मध्यावर कापड फुगतं), ‘खणाचे तुकडे जोडले की भडक दिसतात’, अशी कुठलीही चालेल. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अडचण सोबत असली की प्रत्येक गोधडीकडे बघताना डोळा नेमक्या जागी जातो.

पिशवीत घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत:

- छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको, शाईचा एक ठिपका दुसऱ्याच्या महिन्याच्या कामावर पडला तर तो निघत नाही.
- शिंपी टेप.
- पुठ्ठ्याची चौकट: पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात मधोमध ३ इंच बाय ३ इंच खिडकी कापलेली.
- कोरा पांढरा कागद. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

खड्याच्या अंगठ्या आणि टोकेरी नक्षीच्या बांगड्या घरी ठेवा. त्यात दोरा अडकला की आख्खी ओळ ओढली जाते आणि कापडाला चुणी पडते.

वेळ शक्यतो पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीची, सकाळची धरा. संध्याकाळी गर्दीत करणारणीला बोलायला सवड नसते, आणि हॉलच्या दिव्यांत रंगही खरे दिसत नाहीत.

पहिली फेरी: फोटो नको, वही नको

अर्धा तास नुसतं फिरा. प्रत्येक गोधडीसमोर आठ-दहा पावलांवर थांबा आणि डोळे किलकिले करा. तपशील पुसट होतो आणि फक्त गडद-फिकट उरतं. जी गोधडी अशीही उठून दिसते, तिची मांडणी पक्की आहे. जी जवळून सुंदर आणि लांबून सपाट दिसते, तिच्यात रंग बरेच असले तरी सगळे एकाच गडदपणाचे आहेत. शंका आली तर मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करून त्यातून बघा.

फेरी संपल्यावर विचार न करता आठवतात त्या तीन गोधड्या निवडा. तीनच. पाचव्यापाशी डोळा थकतो, आणि सगळ्या वाकळी सारख्याच वाटू लागतात.

दुसरी फेरी: कडा, कोपरा, पाठ

आता निवडलेल्या तिघींपैकी प्रत्येकीला वीस मिनिटं द्या. समोरची बाजू शेवटी बघा. सुरुवात कडेपासून.

कडेला वेगळी पट्टी लावली आहे का? नव्या धाटणीच्या क्विल्टला ती असते: वरचं कापड, मधला कापूस किंवा पॉलिएस्टरचा थर आणि खालचं अस्तर एकत्र करून बाहेरून पट्टी गुंडाळलेली. कवंदीला अशी पट्टी लागत नाही. तिथे खालच्या कापडाची आणि वरच्या ठिगळाची, दोन्हींची कड साधारण अर्धा इंच आत दुमडून एकमेकींसमोर ठेवतात आणि दोन्हींतून एकदमच टाका घालतात. म्हणजे कड पहिल्या ओळीतच बंद होते. आपल्या वाकळेला काही घरांत लुगड्याचा धड काठ कापून चौफेर लावतात. वापराने आधी फाटते ती कड, म्हणून सगळ्यात मजबूत कापड तिथे. तुमची अडचण कडेची असेल तर तिन्ही उपाय एकाच दोरीवर टांगलेले आहेत, बघून घ्या.

मग कोपरा. कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर छोट्या चौकोनी चिंध्यांच्या त्रिकोणी घड्या एकावर एक रचून फूल बसवलेलं असतं. ही फुलं नसतील तर कवंदी पुरी झाली असं सिद्दी बायका मानत नाहीत. जवळून बघा: सगळ्यात खालचा त्रिकोण मोठा, त्यावरचा बोटभर लहान, प्रत्येकाचा रंग खालच्याच्या उलट, आणि दुमडलेली कड बाहेरच्या अंगाला, त्यामुळे एकही सुटा धागा दिसत नाही. दिसायला ही सजावट. पण गोधडी उचलताना आणि झटकताना आपण धरतो तो कोपराच, आणि तिथे कापडाचे थर वाढलेले असणं फायद्याचंच. घरी करून बघण्यासाठी यापेक्षा सोपी आणि समाधान देणारी गोष्ट प्रदर्शनात सापडणं कठीण.

त्यानंतर पाठ. ती आपण स्वतः उलटायची नाही. हाताचा घाम आणि तेल कापडावर उतरतं, शिवाय टांगलेली गोधडी एका बाजूने ओढली की तिचा आकार बिघडतो. तिथल्या बाईंना विनंती करा, बहुतेक वेळा त्या आनंदाने दाखवतात. पाठीवर तीन गोष्टी शोधा. पहिली, गाठी दिसतात का? सराईत हात गाठ थरांच्या आत ओढून घेतो किंवा गाठ न मारता दोन उलट टाके घेऊन दोरा सुरू करतो. दुसरी, टाक्यांची लांबी दोन्हीकडे सारखी आहे का? खालचे टाके फार बारीक असतील तर सुई तिरकी जात होती आणि सगळे थर नीट पकडले गेले नाहीत. तिसरी, अस्तराला कुठे सुरकुती शिवली गेली आहे का, आणि ती कडेला आहे की मध्यावर?

या तिसऱ्या प्रश्नाजवळ जरा रेंगाळा. वाकळेची सगळ्यात मोठी तक्रार, म्हणजे मधे पोट सुटणं, इथेच समजते. शिवताना प्रत्येक ओळ वरचं कापड किंचित पुढे ढकलते. थर आधीच रचलेले असतील आणि आपण चारी कडांपासून आत शिवत आलो, तर ढकललेलं जास्तीचं कापड मध्यावर जमतं आणि तिथे फुगवटा येतो. म्हणून थर रचून केलेल्या कामात एकतर मध्यापासून बाहेर शिवतात, किंवा आधी सगळीकडे कच्चे टाके, म्हणजे मागाहून उसवायचे लांब तात्पुरते टाके, घालून थर बांधून घेतात. कवंदीत मात्र कडेपासून आत शिवूनही पोट सुटत नाही, कारण तिथे वरचं कापड आधी जोडलेलं नसतंच. एकेक ठिगळ शिवता शिवताच बसवतात. नव्या ठिगळाची दुमडलेली कड आधीच्याच्या उघड्या कडेवर येते, आणि जास्तीचं कापड दिसलं की त्या दुमडीतच जिरवतात. मधलं शेवटचं ठिगळ चारी बाजूंनी दुमडून झाकणासारखं बसतं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. बिघाड होतो तो मिसळल्यावर: थर वाकळेसारखे रचायचे, कच्चे टाके टाळायचे आणि शिवायचं कवंदीसारखं.

मोजा

टेप गोधडीवर ठेवू नका, बाजूला धरा. ४ इंचांत किती टाके आहेत ते मोजा आणि चाराने भागा. एकाच इंचात मोजलं तर चूक होते, कारण हाताचे टाके कमी-जास्त असतात. रोज अंगावर घ्यायच्या वाकळेत इंचाला ४-५ टाके पुरतात. ८-९ दिसले तर ते काम फार बारीक हाताचं. मग दोन ओळींमधलं अंतर मोजा. पाऊण इंच असेल तर गोधडी मऊ पडते, अर्धा इंच असेल तर घट्ट आणि टिकाऊ होते.

या दोन आकड्यांवरून पुष्कळ कळतं. ४५ इंच रुंद आणि ८१ इंच लांब वाकळ घ्या. ओळींचं अंतर पाऊण इंच धरलं तर धावदोऱ्याची एकूण लांबी भरते ४,८६० इंच, म्हणजे १२३ मीटरच्या आसपास. टाका वरखाली जाताना दोरा जास्त लागतो. तो सव्वा-दीड पट धरला तर एकेरी दोरा साधारण १५५ ते १८५ मीटर लागेल, दुहेरी घेतला तर त्याच्या दुप्पट. इंचाला ५ टाके म्हणजे एकूण २४ हजारांवर टाके. मिनिटाला २०-२५ टाके पडले तरी नुसतं शिवायला सोळा ते वीस तास जातात, आणि कापड धुणं, कापणं, थर लावणं त्याआधीच झालेलं असतं. विकत घ्यायला उभ्या असाल तर घासाघीस करण्याआधी हा हिशेब मनात करा. हाताच्या कामाला मशीनच्या रजईचा भाव लावणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

रंग कसा टिपायचा

फोटो काढताना तो कोरा पांढरा कागद गोधडीशेजारी, फोटोच्या एका कोपऱ्यात येईल असा धरा. घरी बघताना कागद पिवळट दिसला तर समजा की रंगही तेवढेच पिवळट आलेत.

आता पुठ्ठ्याची खिडकी डोळ्यासमोर धरून गोधडीवर सावकाश फिरवा. ३ इंचांच्या चौकोनात कुठेतरी दोन-तीन रंग असे भेटतात की थांबावंसं वाटतं. त्या चौकोनात कुठला रंग किती आहे, ते अंदाजे भागांत लिहा: विटकरी चार भाग, काळसर निळा दोन, हळदी एक. रंगांची नावं नुसती लिहून उपयोग नसतो, प्रमाणाशिवाय ती घरी जमत नाहीत.

जुन्या वाकळी डोळ्याला शांत का वाटतात, तेही बघा. त्यातली लुगडी वर्षानुवर्षं धुऊन एकसारखी फिकी झालेली असतात. नव्या खणांत आणि इरकलींत तो फिकेपणा नसतो, म्हणून तेच रंग एकमेकांवर ओरडतात. ज्या क्विल्टमध्ये खण शोभून दिसतोय, तिथे करणारणीने काय केलं ते शोधा. बहुधा गडद किंवा पांढऱ्या साध्या सुती कापडाची पट्टी मधे घातलेली असते, आणि खण एकूण कापडाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नसतो. इरकलीच्या पदरातला लाल-पांढरा पट्टा फार जोरकस असतो. तो तुकडे करून सगळीकडे विखुरण्यापेक्षा एका कडेला अखंड ठेवलेला जास्त खुलतो, असं आमचं मत आहे.

कसुती, म्हणजे उत्तर कर्नाटकातलं धागे मोजून केलेलं भरतकाम, भरलेला तुकडा जोडलेला दिसला तर त्यावरून धावदोरा गेलाय का ते बघा. कसुतीतला गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून धागे मोजून घातलेला असतो. त्यावरून गोधडीची ओळ नेली तर नक्षी तुटते. जाणत्या हाताने कसुतीच्या भोवतीने ओळ वळवलेली असते.

विचारणं आणि फोटो

आपल्या भागात एकाच हॉलमध्ये मराठी, कन्नड, कोकणी, लंबाणी बोलणाऱ्या बायका भेटतात. मावशी, काकू, अक्का म्हणून सुरुवात करा. कन्नड बोलणाऱ्या बाईंना ‘फोटो तेगीलेनरी?’ आणि ‘हिंदिन बाजू तोरस्तीरेनरी?’ एवढं विचारता आलं तरी चेहरा खुलतो. पहिल्याचा अर्थ फोटो काढू का, दुसऱ्याचा मागची बाजू दाखवता का.

‘छान आहे’ म्हटल्यावर बोलणं तिथेच थांबतं. त्यापेक्षा हे विचारा: सुरुवात कुठून केली? उसवून पुन्हा करावा लागला असा भाग कुठला? मधल्या थरात काय घातलंय? हे कापड आधी कशाचं होतं? शेवटचा टाका घालताना घरात काही रीत पाळता का? उसवलेल्या भागाचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण त्याच्या उत्तरात तुमचा एक आठवडा वाचतो.

परवानगी मिळाली की एका गोधडीचे पाच फोटो पुरे: आधी करणारणीच्या नावाची चिठ्ठी, मग समोरून पूर्ण, एक कोपरा, मध्य, आणि टेप शेजारी धरून टाक्यांचा जवळून. चिठ्ठी आधी काढली की पुढचे चार कोणाचे, हा गोंधळ राहत नाही. एखाद्या कलाकाराची स्वतःची रचना असेल तर ती जशीच्या तशी करून विकू नका. सिद्दी पद्धतीने काही केलं तर ती पद्धत सिद्दींची आहे, हे नावासकट सांगा.

घरी आल्यावर: १२ इंचांचा नमुना

त्याच संध्याकाळी वही उघडा आणि तीन गोधड्यांसाठी तीन ओळी लिहा: काय दिसलं, ते कसं केलंय, माझ्या कापडावर कुठे वापरेन. मग तिघींतून एकच निवडा आणि दोन-चार दिवसांत नमुना करायला घ्या. सरळ मोठी वाकळ पसरू नका.

१. वापरायचं प्रत्येक कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करा. गडद कापड कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीसोबत २० मिनिटं भिजवा. चिंधी रंगली तर ते कापड पुन्हा पुन्हा धुवा, आणि तरीही रंग सोडत असेल तर बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. न धुतलेला खण आणि जुनं सुती एकत्र शिवलं तर पहिल्याच धुण्यात दोन्ही वेगवेगळं आटतं आणि चुण्या पडतात.

२. १२ बाय १२ इंचांचे चार थर कापा. जीर्ण कापड मधल्या थरांत, धड कापड वर आणि खाली. नव्या दणकट कापडाला जीर्ण कापड थेट शेजारी जोडलं तर ओढ बसते आणि शिवणीलगत जीर्ण बाजू फाटते.

३. फरशीवर थर पसरून मध्यापासून बाहेर हात फिरवा आणि चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला. कवंदी पद्धत करायची असेल तर ही पायरी नाही: खाली एकच धड कापड घ्या आणि कोपऱ्यापासून ठिगळ बसवत चला.

४. जाड सुती दोरा हातभर, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटरच घ्या. लांब दोरा घेऊन वेळ वाचत नाही. तो पिळतो, गुंततो आणि कापडातून ओढून ओढून विरतो.

५. एका वेळी सुईवर चार-पाच टाके घ्या. ओळ पुरी झाली की अंगठा आणि तर्जनीत धरून ती सपाट करा, दोरा जरा सैल पडू द्या. आवळलेला दोरा तेव्हा नीटनेटका दिसतो, पण धुतल्यावर कापड गोळा होतं.

सुई एखाद्या जागी जाईना तर जोर लावू नका, सुई वाकते किंवा मोडते. बहुधा तिथे शिवणी एकावर एक आल्यात आणि चाराचे आठ थर झालेत. पुढच्या वेळी वरच्या आणि खालच्या जोडाची जागा दोन-तीन इंच सरकवा.

नमुना पुरा झाला की मोजा. १२ चे साडेअकरा झाले असतील तर ८१ इंचांची वाकळ जवळजवळ साडेतीन इंच आटणार. ८१ इंच हवीच असेल तर सुरुवात साडेचौऱ्याऐंशी इंचांनी करा. मग एकदा धुऊन पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून नमुन्याला टाचा.

मोठ्या कामाचं कापड

नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार, ३२४ इंच. त्याचे चार समान भाग केले की ८१ इंचांचे चार थर होतात, आणि एका लुगड्यात एकाची वाकळ बसते. वरच्या हिशेबाने लांबी वाढवायची असेल तर चार भाग पुरत नाहीत. तेव्हा तीन भाग लांब कापा आणि चौथा मधला थर उरलेल्या तुकड्यांनी भरा, तो दिसत नाही. सहावारी साडीचे ७२ इंचांचे तीनच भाग होतात, त्यामुळे मोठ्या माणसासाठी दोन साड्या धरा. दोघांची हवी असेल तर दोन पन्हे, म्हणजे कापडाच्या दोन पूर्ण रुंद्या, मधे जोडावे लागतात. त्या जोडाची शिवण वरच्या थरात मधोमध आणि खालच्या थरात बाजूला घ्या.

प्रदर्शन लागेपर्यंत थांबायचं नसेल तर चैत्र-वैशाखात गावात चक्कर मारा. पावसाळ्याआधी वाकळी धुऊन गच्चीवर, कुंपणावर, गडग्यावर वाळत घालतात, आणि पाठ-पोट दोन्ही उन्हात बघायला मिळतं. घरच्यांना हाक मारून मगच जवळ जा.

आपली वाकळही याच दिवसांत पुरी होईल असं बघा. जूननंतर खानापूरकडच्या पावसात चार थरांची सुती वाकळ धुतली तर वाळायला दिवस लागतात आणि कुबट वास धरतो. पहिलं धुणं थंड पाण्यात, एकटीचं, न पिळता करा. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने एका बाजूला ओढली जाते, म्हणून स्वच्छ गच्चीवर आडवी पसरा आणि दोन तासांनी उलटा.